दार पुढे की मधे

एका माणसामुळे दुसरा माणूस आयुष्यात फार तर दोनदा हादरतो, अशी माझी समजूत होती. माझ्या बायकोच्या काकांनी ती आमच्या लग्नाच्या पंगतीतच मोडून काढली. डोक्यावरचा पंखा कुरकुरतोय म्हणून ते भरल्या पानावरून उठले, स्टुलावर चढले आणि माझ्या वाटीतलं तूप त्याला घालून आले. पंखा गप्प झाला. मीही झालो, आणि पुढे बरीच वर्षं त्यांच्यासमोर गप्पच राहिलो. का, ते आज सांगून टाकतो.

काकांचं घराणं बंगळुरात इतकं मुरलेलं की त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होते ते त्यांनाही कळत नसे. उमेदीची वर्षं गेली सरकारी कारखान्यात, यंत्रं दुरुस्त करण्यात. निवृत्तीनंतर मात्र कुठलीही वस्तू तिच्या नेमल्या कामाला लावणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. काकूंच्या शिवणयंत्राला त्यांनी रवी जोडली. "यंत्राला काय कळतंय, ब्लाउज की ताक?" ताक उत्तम व्हायचं, आमच्या घरच्या बायकांच्या ब्लाउजांना मात्र वर्षभर आंबूस वास येत होता. या सगळ्याला मी सरावलो असं मला वाटू लागलं, तोच एका रविवारी बसवनगुडीला त्यांच्याकडे गेलो तर कंपाउंडची भिंत पाडलेली, अंगणात लष्कराच्या लिलावातला एक अजस्र ट्रक, आणि त्याच्या सावलीत काकू शांतपणे तांदूळ निवडताहेत.

"ट्रक नाही, घर आहे," काका म्हणाले. "हिचं सोवळं कडक. परक्या हातचं पाणी चालत नाही, आगगाडीत बसणार नाही. आता हिचं स्वयंपाकघरच गावोगाव जाईल."

चाकांवरचं घर मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि बंगळुरानेही नसावं. पाहता पाहता पत्रे ठोकले गेले, पलंग बसला, चिकपेटेच्या बाजारातून बिजागऱ्या आल्या, आणि घर दाराशी येऊन अडलं. दार पुढे, चालकाच्या शेजारी ठेवायचं, की मधे? काका पुढच्या बाजूचे. पुढे दार म्हणजे मागची अख्खी भिंत मांडण्यांना मोकळी. बसच्या बॉड्या बांधणारा मिस्त्री मधल्या बाजूचा: "पुढे केलंत तर लोक हात दाखवून चढतील आणि तिकीट मागतील." भटजींनी दाराचं तोंड पूर्वेला हवं म्हणून सांगितलं, "मग वळणावर काय करू?" असं काकांनी विचारल्यापासून ते यायचे बंद झाले. मी पुढे म्हणालो. काका म्हणतील ते मी म्हणत असे.

त्याचं कारण कुमुद, त्यांची एकुलती मुलगी. तिने परजातीत लग्न केलं, धारवाडला संसार मांडला, आणि त्या दिवसापासून काकांच्या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. त्या लग्नाला मी चोरून गेलो होतो. पोटभर जेवलो होतो. परत येऊन काकांसमोर बसलो, आणि त्यांच्या प्रत्येक खुळाला मान डोलावत राहिलो.

त्या दिवशी काका पत्र्यावर पुढच्या दाराची रेघ मारत होते. खाली काकूंनी सुपातून मान वर केली नाही. "दार मधे करा."

यांत्रिक बाबतीत काकू कधी बोलत नसत. काका थबकले. "मधे केलं तर तुझा अर्धा ओटा जाईल. शिवाय येणारं माणूस सरळ ओट्यापाशीच. तुझ्या सोवळ्याचं काय?"

"म्हणूनच म्हणते. कुमुद पुढून चढायची नाही. तिथं तुम्ही बसलेले असाल."

ते नाव त्या अंगणात उच्चारलं जाईल, आणि तेही सोवळ्यातल्या काकूंच्या तोंडून, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. काकांच्या हातातला खडू तसाच पत्र्यावर टेकलेला.

"मग मी पुढे का म्हणत होतो?" ते म्हणाले. "माझ्या समोरून गेली असती. मला हाक मारायला लागली नसती."

काकू तांदूळ निवडायच्या थांबल्या. काका माझ्याकडे वळले. "जावईबापू, तिचं घर तुम्ही दाखवा. तिच्या लग्नात जेवून आलात ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. जिलेबी कशी होती, एवढं मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"चांगली होती," मी म्हणालो.

"सरी, बरं," म्हणून त्यांनी रेघ पुसली आणि मधे नवी मारली.

वाटेत मुक्काम करत, बैलगाड्यांच्याही मागे पडत आम्ही धारवाड गाठलं. कुमुद फाटकातून बाहेर आली, पुढे पाहिलं, आणि मधल्या दाराने आत चढली. काका स्टिअरिंग धरून समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. इंजिन घरघरत होतं.

"काका, बंद करा की," मी म्हणालो.

"गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही."

मागून बांगड्या वाजल्या, दोघींची कुजबुज, मग स्टोव्हचा आवाज. काका मागे वळले नाहीत. बऱ्याच वेळाने कुमुदचा आवाज आला. "अण्णा, कॉफीला साखर तेवढीच ना?"

"स्वल्प जास्त," काका म्हणाले, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

गाडी खरंच पुन्हा सुरू झाली नाही. आठवडाभर आम्ही तिच्या फाटकापुढे मुक्काम ठोकून होतो. शेजारपाजार घर बघायला येई, आणि काका एकेकाला हाताला धरून मधल्या दाराने आत चढवत.

काका गेले त्यानंतर कुमुद मला म्हणाली, "तेव्हा गाडीला झालं तरी काय होतं?" मला ठाऊक नाही. त्या आठवड्यात त्यांनी बॉनेट एकदाही उघडलं नव्हतं.