डाव्या मडगार्डाखालचं शिसं

माझ्या बाबांनी ती गाडी ठोकली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पंचेचाळीस वर्षं लोकांनी उलटंच सांगितलं, आणि तेही पानठेल्यावर दात कोरत, जसं काही हे त्या दिवशी झाडावर बसून बघत होते.

बाबा तेव्हा धानोऱ्याला लाकडाचा ठेका असलेल्या एका कंपनीत ड्रायव्हर होते. ती कंपनी पुढं बुडाली, बरं झालं. साहेबाची नवी कोरी काळी गाडी मालगाडीनं चंद्रपूरला आली आणि ती आणायला बाबा एकटे गेले. मूल गाव, गडचिरोली करत जंगलाच्या रस्त्यानं त्यांनी ती धानोऱ्याला आणली. उतरल्या उतरल्या सांगितलं, "साहेब, गाडी डावीकडे ओढते." चार महिन्यांनी डाव्या मडगार्डावर रंगाला फोड आले. कंपनीच्या मिस्त्रीनं खरवडून पाहिलं आणि म्हणाला, आत जुना मार आहे. झालं! ड्रायव्हरनं वाटेत ठोकली, गडचिरोलीत गुपचूप दुरुस्त करून घेतली आणि वर साळसूदपणे गाडीलाच नावं ठेवली, असा निकाल लागला. सगळ्या मजुरांसमोर साहेबानं बाबांच्या हातातून किल्ली काढून घेतली. मी पहिलीत होते. शाळेत मला 'ठोक्याची पोरगी' म्हणायचे. एकाच्या पाठीत मी पाटी घातली. पाटी फुटली, त्याला काही झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाबांनी नोकरी सोडली. आम्ही राजुऱ्याला आलो. तिथं ते डेंटिंगचं काम शिकले आणि मोठी झाल्यावर मलाही शिकवलं. आज गॅरेज मी चालवते. "बाई डेंटिंग करते?" म्हणून हसणारे आता चेपलेले दरवाजे घेऊन माझ्याच दारात उभे असतात. पण बाबांनी त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. गिऱ्हाइकाची गाडी दुकानातून बाहेर काढायची असली तरी मला हाक मारायचे.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस ट्रकवर घालून एक गाडी घेऊन आला. भंगारातून उचललेली, वरून पांढरी. इंजिन त्यानं चालू करून घेतलं होतं, पत्र्याचं काम माझ्याकडे होतं. बाबा बाहेर खाटेवर बसले होते. गाडी खाली उतरली तसे ते उठले, दार उघडून आत वाकले आणि डॅशबोर्डाखाली हात घातला. तिथं पितळेची एक छोटी खुंटी होती. खांद्यावरचा दुपट्टा अडकवायला म्हणून त्यांनीच साहेबाला न विचारता बसवलेली.

"तेच हाय," एवढंच म्हणाले आणि घरात निघून गेले.

मी डाव्या मडगार्डाला चुंबक लावलं. खाली नुसता पत्रा असला की चुंबक चिकटतं, पुट्टी भरलेली असली की गळून पडतं. ते पडलं. वीतभर जागेत कुठंच टिकेना. खरवडलं तर बोटभर जाड पुट्टी निघाली, आपल्याच भागातल्या रस्त्याकडच्या गॅरेजात भरतात तशी.

आणि मी, जिनं त्यांच्यासाठी पाटी फोडली होती ती मी, जेवताना विचारून बसले, "बाबा, खरं सांगा. तेव्हा कुठं लागली होती का गाडी?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. जीभ झडली असती माझी तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मडगार्डाला भिडले, या खेपेला घाई न करता. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर गोल गोल फिरवत जागा घासली की रंगाचे थर एकात एक कड्यांसारखे उघडे पडतात, कापलेल्या सागाच्या बुंध्यासारखे. आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, यात फसवाफसवी चालत नाही. वर पांढरा. त्याखाली मरून. त्याखाली ती पुट्टी. आणि पुट्टीखाली काळा रंग, मिस्त्रीनं खरवडलेली रुपयाएवढी जागा सोडली तर अख्ख्या मडगार्डावर सलग. म्हणजे पुट्टी नंतरच्या कोणा मालकानं भरलेली! काळ्याखाली तांबडं प्रायमर होतं, आणि प्रायमरखाली जे चमकलं तो पत्रा नव्हता. नखानं ओरखडा उठत होता. ते शिसं होतं.

शिसं वितळवून पत्र्याचा खड्डा भरणारा कारागीर आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत मी तरी पाहिला नाही, बाबांनीही नाही. ते काम जुन्या मोटार कारखान्यांतलं. मी गाडीखाली शिरले. पुढं डावीकडे चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, साखळीच्या कड्यांचे खोल ठसे उमटले होते आणि त्या ठशांच्या आतपर्यंत तोच काळा रंग बसला होता, म्हणजे ठसे रंगाच्या आधीचे. आता सगळं उलगडलं. पहिल्या खेपेला वॅगनमध्ये गाडी बांधायची साखळी भलतीच आवळली असणार, धक्क्यानं गाडी डावीकडे आदळली असणार. ती कारखान्यात परत गेली, तिथं शिसं भरून रंगवली आणि नवी म्हणून पुन्हा पाठवली. चासी काही सरळ झाली नाही. म्हणून ओढत होती, म्हणून! गाडीखाली पडल्या पडल्या मी रडले आणि शिव्याही घातल्या.

नागपूरच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ते झाकून टाका. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे."

"झाकणार नाही."

"अहो, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची, पण त्या शिशावर माझ्या बापाचं नाव अडकलंय. एकदा धानोऱ्याला नेऊन आणते, मग आरशासारखी रंगवून देते. नाहीतर आत्ता ट्रक पाठवा आणि अशीच उघडी घेऊन जा."

त्यानं परत कधी मिळेल एवढं विचारलं. मग म्हणाला, "टायर जपा."

बाबांना मी हात धरून गाडीजवळ आणलं. त्यांनी शिशावरून अंगठा फिरवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "मले काय दाखवून राह्यली? मले तं माहीतच होतं. मिस्त्री जिता हाय अजून. त्याले दाखव."

धानोऱ्यापर्यंत गाडी मी चालवली, स्टेअरिंग सारखं उजवीकडे धरून. मिस्त्रीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तो आता म्हातारा, वाकलेला, पण नजर शाबूत. बाबांना बघून तो चपापला. मडगार्डापाशी आला, शिशावर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"शिसं हाय," म्हणाला.

"हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं का?" मी विचारलं.

"दिसलं होतं बाई. साहेबाले सांगतलं बी. साहेब म्हणे, मी नवी गाडी घेतली, दुरुस्तीची नाई. लोक हासतीन. तोंड बंद ठेव." मग बाबांकडे वळून त्यानं हात जोडले. "चुकलं भाऊ माह्यं. लेकरं लहान होती वो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि आम्ही काय मोठे होतो?"

बाबांनी मला हातानंच थांबवलं. "माह्याकडे नोको पाहू," ते मिस्त्रीला म्हणाले. "मी होतो न गाडीत. हिले सांग. हिनं विचारलं होतं मले."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मिस्त्री माझ्याकडे वळला आणि सांगायला लागला.

"मला एकटीला नका सांगू," मी म्हटलं. "चौकातल्या पानठेल्यावर चला. ठोक्या म्हणणारे जेवढे उरलेत, त्यांच्यासमोर सांगा."

तो आला. मान खाली घालून का होईना, त्यानं सगळं सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या न बाई, जुनी गोष्ट हाय."

"जुनी झाली म्हणून खोटी गोष्ट खरी होत नाही," मी म्हटलं. "मडगार्डाला हात लावून बघा आणि मग बोला." चौघांनी हात लावला.

बाबा तिकडे बघतही नव्हते. ते गाडीला वळसा घालून उजव्या दारापाशी उभे राहिले आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी पितळेच्या खुंटीला अडकवला आणि गाडी चालू केली. गडचिरोलीपर्यंत त्यांनीच चालवली. गाडी वळणावळणावर डावीकडे ओढत होती, झाडं काचेजवळ येत होती. मी शेजारी बसले होते आणि एकदाही स्टेअरिंगकडे हात नेला नाही.