बऱ्हाणपूरची टोळी

नंदकुमार महाजनांना मी फार थोडं ओळखत होतो. राजपुरा मोहल्ल्यात त्यांची आणि आमची भिंत एकच, पण बोलणं नळ, वीज आणि केळीच्या भावापलीकडे क्वचितच गेलं. मला लिहायची सवय नाही. त्यांच्या तेराव्यानंतर अलकावहिनी म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही त्यांच्याजवळ बसत होतात, तुम्हीच लिहा." म्हणून मला दिसलं तेवढं लिहितो.

तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ कौतिक कॉम्प्युटरचा क्लास चालवत. पोरं घरी गेली की दोघे भाऊ एक परदेशी खेळ खेळत बसत. कौतिकराव अकाली वारले, क्लास बंद पडला आणि नंदूभाऊ सरकारी कचेरीत लागले.

गेल्या वर्षी ते स्कूटरवर गावातच शनवाऱ्याला गेले आणि रिक्षाने परत आले. स्कूटर कुठं लावली तेच आठवेना. इंदूरहून मुलगा प्रकाश आला. घर बंद करा आणि माझ्याकडे चला, म्हणाला. नंदूभाऊंनी साफ नकार दिला.

त्यानंतर एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. तोच जुना खेळ कुठूनतरी मिळवून कॉम्प्युटरवर चढवला होता. आपण सहा जणांची टोळी बनवायची, कोणाला तलवार, कोणाला मंत्र द्यायचे आणि भुयारात उतरायचं. पडद्यावर नुसत्या भिंती, वाट दाखवणारं काही नाही. टोळीतला कोणी मेला तर मेलाच.

"पूर्वी नकाशा न काढता तळापर्यंत जायचो," ते हळूच म्हणाले. "आता गेलो तर डोकं शाबूत आहे. नाही गेलो तर इंदूर. घरात सांगू नका."

जुनी टोळी त्यांनी फ्लॉपीवरून उतरवून घेतली होती. ती उघडायला तिचं नाव हवं होतं. नाव गावाचंच ठेवलं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत टाकलं. चुकलं. पुन्हा टाकलं. पुन्हा चुकलं.

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, काय शोधताय? चष्मा असेल तर डोक्यावर आहे!"

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून बोलायची भीती वाटत होती. तरी विचारलं, "काय लिहिलंत?"

"बुरहानपुर. दुसरं अक्षर यू."

"ते कचेरीतलं झालं. घरात आपण बऱ्हाणपूर म्हणतो."

त्यांनी यूच्या जागी ए टाकला. टोळी उघडली.

"अरे बापरे!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तीस वर्षं हिंदीत अर्ज लिहून गावाचं नावच बदलून बसलो की मी! डोकं ठीक आहे, अण्णा, भाषा बिघडलीय!"

पडद्यावर सहा नावं आली. ती वाचता वाचता ते थांबले.

"हा कौतिक कोण?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"तुमचे थोरले भाऊ," मी म्हणालो.

"हो हो. माहीत आहे मला. तुमची परीक्षा घेत होतो."

दोघंही हसलो नाही. ते भुयारात उतरले. डावीकडे वळले, परत आले, पुन्हा डावीकडे वळले. तीच भिंत तिसऱ्यांदा समोर आली, तेव्हा त्यांनी बोटं उचलली. मी म्हणालो, "खेळ जुना आहे, वाट कोणाला आठवणार?"

"वाटेचं नाही हो," ते म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला. मग आत हाक मारली, "अलका, प्रकाशला फोन लाव. येतो म्हणून सांग."

आठवड्याभरात सामान बांधलं गेलं. इंदूरला त्यांना जेमतेम वर्ष मिळालं. इथून निघायच्या सकाळी ते गाडीत पुढं बसले होते, मी दाराशी उभा होतो. त्यांनी काच खाली केली.

"अण्णा, दूधवाल्याला नाही म्हणून सांगितलं का कोणी?"

"वहिनींनी सांगितलं कालच."

"मग ठीक."