आमच्यात तसलं काही नाही

माझ्या बायकोच्या पोटावरची जखम भातानं चिघळली नाही, आणि डॉक्टरांच्या हातानंही नाही. ती चिघळली माझ्या खोटं बोलण्यानं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच नाही.

घरात मी घुम्या माणूस. माइक हातात आला की मात्र माझ्यासारखा बोलका कुणी नाही. तळेगाव ढमढेरेपासून थोडं आत आमचं गाव. ऊस, थोडी तरकारी आणि सणसवाडीत कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, एवढ्यावर माझी पांढरी कापडं शाबूत आहेत. गावच्या शाळेला ‘तंबाखूमुक्त’ अशी पाटी लागली तेव्हा नारळ माझ्या हातून फुटला. मग मी भाषण ठोकलं. पहिल्या रांगेतल्या निम्म्या प्रतिष्ठितांचा एकेक गाल फुगलेला होता. आणि त्याच वेळी माझ्या घरी तव्यावर तंबाखू भाजली जात होती.

मशेरी. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. पहिल्या बाळंतपणानंतर बायकोची दाढ ठणकायला लागली, तेव्हा माझ्याच आईनं तिला ती लावायला शिकवलं. आमच्याकडे याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन पुरुषांना असतं. बायका आपल्या दात घासतात, दिवसातून चार-पाच वेळा.

बायको अंगानं जाड होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा वजन उतरवा असं सांगितलं गेलं, आणि तिनं ते उतरवलं. कालव्याच्या रस्त्यानं रोज पहाटे चालली, साखर सोडली, तळलेलं सोडलं. मांस उतरलं, कातडी मात्र राहिली. रिकाम्या पोत्यासारखी ती मांडीवर लोंबायची. घडीखाली घाम साचायचा, उन्हाळ्यात चट्टे उठायचे, चिरा पडायच्या, वास यायचा. जुन्या सुती लुगड्याची पट्टी ती त्या घडीत घालून ठेवायची आणि दिवसातून दोनदा बदलायची. अशा वेळी मी, गावाला चार हिताच्या गोष्टी सांगणारा, काय केलं? माझी खाट दुसऱ्या खोलीत नेली. वर कारण सांगितलं, की मला पंखा लागतो.

पुण्याच्या हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं तेव्हा मी सगळीकडे हर्निया असं सांगून ठेवलं. पोटाची कातडी कापायची म्हटलं की लोक म्हणणार, या वयात कुणासाठी नटायचंय? गाडी व्याह्यांची होती. मुलगी आदल्याच वर्षी दौंडकडे दिलेली. व्याही नुसते गाडी घेऊन आले नाहीत, ते केबिनमध्येही आले. आपल्याकडे डॉक्टरांसमोर पेशंट एकटा बसला तर त्याला वाली नाही असं समजतात.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत व्रण राहील. बेंबी नव्या जागी बसवावी लागेल. आत पाणी साचू नये म्हणून नळ्या ठेवू, तरी साचू शकतं. पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. चामडी काही महिने बधिर राहील, कदाचित कायमची. आणि कडेच्या चामडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडून मरते.

“ह्ये समदं सांगायलाच लागतं त्यास्नी,” व्याही म्हणाले. “ट्रॅक्टर घेताना न्हाई का सह्या घेत्यात.” हे ते वर हनुवटी करून, ओठ मिटल्यासारखे ठेवून म्हणाले, कारण खालच्या ओठात नुकतीच मळलेली तंबाखू होती.

मग डॉक्टरांनी बायकोकडे बघून विचारलं, “तंबाखू? गुटखा, मशेरी, काहीही?”

तिनं तोंड उघडलं होतं. मी मधेच म्हणालो, “छे, छे! आमच्यात तसलं काही नाही.”

व्याह्यांनी भरल्या तोंडानं मान डोलावली. बायकोनं पदर ओठांवर ओढून घेतला. डॉक्टर तरीही म्हणाले, असेल तर महिनाभर आधी बंद करावी लागेल, नंतरही लावायची नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. मी हसून म्हणालो, “प्रश्नच नाही.”

घरी आल्यावर तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. “अहो, सांगाया पायजे हुतं का?”

“व्याही हुते ना तिथं. उद्या पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागंल.”

“मग आता सोडू का?”

“आन् पोट साफ व्हायचं न्हाई ते? मशेरी म्हंजी काय बिडी हाय व्हय?”

जिनं एवढं वजन उतरवलं, तिला बोटभर मशेरी सोडणं जड नव्हतं. ती सोडायला तयारच होती. पण सोडली असती तर चार दिवस तिचं डोकं दुखलं असतं, घरात कुणी तरी का म्हणून विचारलं असतं, आणि माझं वाक्य खोटं पडलं असतं. त्या वाक्याची मला बायकोच्या पोटापेक्षा जास्त काळजी होती.

ऑपरेशन झालं. वाकून का होईना, तिला चालवलं. पट्ट्याखालचं पोट चाचपून ती हसली आणि म्हणाली, “माझी मलाच पावलं दिसाया लागली की वो.” संध्याकाळी तिनं हळूच मशेरी मागितली. मी चपात्यांच्या डब्यात, फडक्याखाली डबी घालून घेऊन गेलो. न्हाणीघराच्या दाराशी राखण करत उभाही राहिलो.

बेंबीखालची चामडी आधी जांभळी झाली, मग काळी. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “मी रागावणार नाही. पुढं काय करायचं ते ठरवायचंय. तंबाखूचं काही असेल तर खरं सांगा.” मग स्वतःच म्हणाले, “नसतानाही होतं कधी कधी.”

खोट्यातून बाहेर पडायला त्यांनी दार किलकिलं करून दिलं होतं. मी ते लाथाडलं. “तुमच्या हातनं बिघडलंय ते आमच्या बायकांच्या अंगावर ढकलू नका,” म्हणून मी असा ओरडलो, की दोन नर्सा धावत आल्या. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन करून मेलेली चामडी काढली. तळहाताएवढी जखम उघडी राहिली. त्यावर स्पंज, स्पंजाला नळी, नळीला घाण ओढणारं मशीन. पुढे कित्येक महिने ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी ती पलंगाची कड धरायची, आणि मला नेमका तेव्हाच बाहेर फोन यायचा.

आणि मशेरी चालूच होती. डबी मीच भरून आणत होतो.

एवढं करून मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण लग्नात, दहाव्याला, टपरीवर, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी त्या डॉक्टरांची अब्रू काढली. कसाई म्हणालो. हर्नियाचं सोंग व्याह्यांसमोर केबिनमध्येच उघडं पडलं होतं, आता ते गावासमोरही पडलं. भावकीतल्या एका वहिनीला हाच त्रास होता. तिनं तारीख घेतलेली होती, माझं ऐकून ती रद्द केली. ती अजून पोटाच्या घडीत फडकं घालून खुरपायला जाते.

भेटायला येणाऱ्यांची तर जत्राच. बिस्किटाचा पुडा द्यायचा आणि निदान करायचं. माझी थोरली भावजय खाटेवर बसता बसताच म्हणाली, “भात खाल्ला असंल. भातानं पू हुतो.”

“व्हय,” बायको म्हणाली. “दवाखान्यात दिला हुता, खाल्ला वाईच.”

“मग! जिभेला आवर नगं?”

व्याही बाहेर जाऊन पिंक टाकून आले आणि म्हणाले, “आमच्यात जखम झाली की भाताला शिवत न्हाईत.” सगळ्यांचं एकमत झालं. मीही मान हलवली. भात सोयीचा होता. त्याला तोंड नसतं.

तेव्हापासून तिनं भात खाल्लेला नाही. पातेल्याच्या बुडाची खरवड काढून खाणारी बाई. पंगतीत वाढपी आला की ती पानावर हात आडवा धरते.

जखम भरली. व्रण रुंद आहे, मधे दोरीसारखा टणक. बेंबी एका बाजूला ओढली गेली आहे, तिच्याखाली चिमटा काढला तरी कळत नाही. पण चट्टे गेले, वास गेला. ती मांडी घालून बसते, उन्हातान्हात फिरते. मागं एकदा स्वतःहून म्हणाली, “केलं ते बरं केलं. माझीच जीभ नडली.” समोर मी बसलो होतो. ‘नसतानाही होतं कधी कधी’ हे डॉक्टरांचं वाक्य मी मनात घोळवलं. त्या वाक्याच्या आडोशाला मी फार दिवस काढले आहेत. पण ते त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी खरं सांगितलं.

आता उभं राहताना व्रण ओढतो, म्हणून तो नीट करून घ्यायचं तिच्या मनात आहे. त्याच डॉक्टरांकडे. “मानूस चांगला हाय,” ती म्हणते, “वरडला तुम्हीच.” ते पुन्हा तोच प्रश्न विचारणार. ती पुन्हा आधी माझ्याकडे बघणार. सकाळी उठल्यावर तिचं बोट अजूनही काळं असतं.

तुझ्या घासानं नाही, माझ्या खोट्यानं झालं, हे मला तिला समोर बसून सांगायचं आहे. डॉक्टरांना खरं उत्तर द्यायचं आहे, आणि ते व्याह्यांच्या देखत. वहिनीच्या दारात जाऊन, मी खोटं बोललो, तू दाखवून ये, हेही म्हणायचं आहे. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.