सोनाबाईची सांदवाडी

सोनाबाई बोलायला आली की तिचे हात स्वस्थ बसत नसत. आमगावच्या आमच्या घरामागे कुंपणाशी ती उभी राहायची आणि बोलता बोलता माझ्याच तुळशीची वाळकी पानं खुडत जायची. मी लग्न होऊन वर्ध्याकडून नुकतीच आलेली, शाळामास्तरांची बायको. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काऊन वं बाई, इले पानी देता का निस्ती पूजा करता?" मला राग आला. तिच्या ते गावीही नव्हतं. पदरातले कोवळे दोडके माझ्या हातात कोंबून ती निघून गेली.

घरामागच्या परसाला तिकडे सांदवाडी म्हणतात. तिची सांदवाडी खरं तर तिच्या नवऱ्याची, दौलतबापूंची. लिंबू, पेरू, वालाचा मांडव, शेवग्याच्या सावलीत चढवलेली पानवेल, सगळं त्यांच्या हातचं. लाकडाच्या वखारीत ओंडका अंगावर आला नि कंबर गेली, तेव्हापासून ते मागच्या ओसरीत खाटेवर पडून असत. तिथूनच ओरडत, "वालाले पानी जास्त होऊन राहिलं!"

"तेथून तुमाले पानी दिसते, मी नाई दिसत!" सोनाबाई तिकडून उत्तर द्यायची. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघांचं हेच चाले, आणि मला वाटतं, दोघांनाही ते हवं असे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्या साली पावसानं दगा दिला आणि पुढचा उन्हाळा जाळत आला. गावची बोडी, आमचं लहानसं तळं, पार तळापर्यंत भेगाळली. एकेक विहीर आटली. आमच्या आळीत पाणी उरलं ते फक्त सोनाबाईच्या विहिरीला, तेही तळाशी, गढूळ. बाया गुंड-घागरी घेऊन तिच्या दारात येऊ लागल्या. मीही गेले. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती.

पाणी एकतर माणसांना पुरणार होतं, नाहीतर झाडांना. सोनाबाईनं रहाटाचा दोर बायांच्या हाती दिला.

"माया झाडाईले मारून राहिली तू," दौलतबापू म्हणाले. मी तिथेच उभी होते.

"लेकरं तहानेनं रडून राहिली, तुमाले आयकू नाई येत?"

"मी आता काई लावू शकन का? हे मेलं का मेलं!"

तिनं पुढच्या बाईला रहाटाशी बोलावलं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या हातचं जेवत, तिच्याकडून अंग पुसून घेत, पण तोंड भिंतीकडे. काही हवं असलं तर मला हाक मारत, "बाई, इले म्हनाव चादर बदल." ती तिथेच असायची. मुकाट्यानं चादर बदलायची.

भांड्याचं, आंघोळीचं पाणी ती बुंध्यांशी ओतायची. मुळांवर भाताचं तणीस पसरायची. शेवटी कोयता घेऊन तिनं लिंबू, पेरू गुडघ्याएवढे छाटले. घाव ऐकून खाटेवरचा माणूस हुंदके देत होता. ती थांबली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "फांद्या ठेवल्या असत्या तं मुळं बी गेली असती. पन हे आता कोनाले सांगू?"

पाऊस उशिरा आला, पण आला. लिंबाच्या खुंटावर लाल कोंब फुटले. पेरू फुटला. पाणी नेणाऱ्या बायांनी वालाचं बी, मिरचीची रोपं आणून दिली. पानवेल मात्र गेली ती गेलीच. सोनाबाईनं माझ्या यजमानांना बोलावून खाट उचलून परसात ठेवली. दौलतबापूंनी डोळे मिटून घेतले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि खाट परत आत ठेवायला सांगितली.

थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. एका दुपारी सोनाबाई औषध आणायला गेली होती, मी जवळ बसले होते. ते परसाकडे पाहत होते.

"बाई, लिंबू चांगला फुटला. बरोबर छाटला तिनं," ते म्हणाले. मग विहिरीकडे मान वळवून, "पानी दिलं, थे बी बरोबरच केलं."

"बापू, हे तिला सांगा ना."

"सांगीन," ते म्हणाले. "आली का सांगतो."

ती आली तेव्हा त्यांना ग्लानी आली होती. पहाटे ते गेले.

दिवसपाणी आटोपल्यावर मी तिला ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती मिरचीच्या वाफ्यात बसली होती. खुरपं खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मले ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "मले त्यायच्या तोंडून आयकाचं होतं."