नव्या कार्डाला कुंकू

आमच्या गंगाखेडात मपल्याइतके कंप्युटर कुणीच उघडले नसतील. उघडलेले ते पुन्हा चालू व्हावेत म्हणून लोक मंग परभणीला नेतेत, ती गोष्ट येगळी.

मपलं फोटोचं अन् लग्नाच्या शूटिंगचं दुकान हाय. शाळेची अन् मपली वळख खिडकीभायेरूनच. कंप्युटरवर समदं चित्रं बघून चालतंय म्हणून पोट भरायलंय. काही वाचायची येळ आली की बायकोला हाक मारतो. ती सातवी पास हाय, काउंटरला बसून पासपोर्ट फोटो कापती.

दुकानातला कंप्युटर बारा-तेरा वर्साचा. भायेरची डिस्क लावायची त्याची छिद्रं जुन्या चालीची. डाटा असा जातो, जशी मुंगी साखरेचं पोतं वाहायली. म्हणून परभणीहून एक कार्ड आणलं. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, एका अंगाला दोन निळी छिद्रं, खालच्या अंगाला सोनेरी दात. दुकानदार म्हणला, "डब्बा उघडायचा, छोट्या खाचेत हे बसवायचं, अन् डिस्क निळ्या छिद्रात लावायची. तिप्पट पळतंय." मी कार्ड आणून देव्हाऱ्यात ठेवलं. नवी वस्तू, बेस्तरवारी पूजा करून बसवू म्हणलं.

मंगळवारी अकरा वाजता एक मॅडम दुकानात आल्या. वळखीच्याच. नऊ वर्सामागं त्यायच्या लग्नाची शूटिंग मीच केली व्हती. पांढऱ्या साडीतली नवरी, बुद्धवंदना, साधंच लग्न. आता त्या लांब दुसऱ्या जिल्ह्यात मास्तरीण हायत. बाप मागल्या महिन्यात वारला, ते मला कळलं व्हतं.

"काका," त्या म्हणल्या, "बाबाचा आवाज कुठंच नाही हो माझ्याकडं. लग्नात ते माइकवर बोलले होते. तुमच्या सीडीत ते नाही."

सीडीत कुठून असंल? ते बोलणं मीच कापलं व्हतं. त्या जागी गुलाबाच्या पाकळ्या गळताना दाखविल्या व्हत्या, वरून गाणं. लय भारी केलं असं वाटलं व्हतं तवा.

"कच्ची शूटिंग हाय मपल्याकडं, मॅडम," मी म्हणलो.

"मग तेवढं बाबाचं बोलणं द्या. चारची गाडी आहे माझी."

"बोलणं काय घेऊन बसलात, अख्खं लग्न देतो!"

हे मी जोरात म्हणलो, कारण आतून टरकलो व्हतो. ती शूटिंग कंप्युटरातल्या ज्या डिस्कवर व्हती, ती आठ दिसापासून आवाज करायली व्हती. टिक... टिक. पाल चुकचुकल्यावानी. दुसरीकडं कुठं कॉपी न्हाई. ती डिस्क गेली की मॅडमचा बाप दुसऱ्यांदा जाणार, अन् ह्या बारीला मपल्या हातानं.

मॅडमनं आणलेली डिस्क जुन्या छिद्राला लावली, समदं लग्न वढून तिच्यावर टाकलं. बायकोनं वाचलं, "चार तास."

सव्वाअकरा झाले व्हते. बोटावर मोजलं, सव्वातीनला व्हतंय. ठेसनाला आटो दहा मिनटात जातो. बसत व्हतं. पर तेवढ्यात आतून टिक टिक आलं, अन् मला वाटलं ही चार तास काय जगत न्हाई. चालती कॉपी बंद केली अन् स्क्रूड्रायव्हर घेतला.

"अवो, चालू हाय तर चालू द्या की," बायको म्हणली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणलो. मला काय कळतंय, हे कुणी इचारलं न्हाई.

डब्बा उघडला. कार्ड देव्हाऱ्यातून आणलं. घाई किती बी असू दे, नवी वस्तू कोरडी कशी बसवायची? वाटीत कुंकू कालवलं, हळद घेतली. मॅडम बघायल्या व्हत्या.

"काका, आमच्यात हे करत नाहीत," त्या म्हणल्या. "पण कंप्युटर तुमचा आहे."

आता देवाचं कपाळ कुठं ते कळतंय, कार्डाचं कुठं असतंय? मला सगळ्यात तेजदार दिसले ते सोनेरी दात. ह्या टोकापासून त्या टोकापातूर, एकेका दाताला वलं कुंकू लावलं. हात जोडले. खाचेत बसविलं. बटण दाबलं.

कंप्युटर तीन बारी लांब वरडला. पडदा काळा.

मी कान दिला. टिक टिक बी बंद. आठ दिस ज्या आवाजानं झोप उडविली, तोच आता डब्ब्याला कान लावून हुडकायलो.

"काका?" मॅडम म्हणल्या. एवढंच.

परभणीच्या दुकानदाराला फोन लावला, उचलंना. पुन्हा लावला. बारा वाजले, एक वाजला. मॅडम खुर्चीवर न बसता दारात उभ्या, घडीघडी घड्याळ बघायल्या. बायकोनं चहा दिला, तो तसाच गार झाला. कार्ड काढून बघावं एवढी बी अक्कल मला आली न्हाई. हात लावला की आजून काही मरंल, असं वाटायलं.

पावणेदोनला त्याचा फोन आला. "जेवायलो व्हतो. बोला."

समदं सांगितलं.

"दाताला काही लावलं का?"

"न्हाई." मॅडमनं मपल्याकडं बघितलं. "म्हणजे... जरासं कुंकू."

तिकडून तो म्हणला, "वलं?"

"वलं."

"अवो शेठ, त्या दातातून करंट जातो! बंद करा आदी, वायर काढा. खोडरबर हाय का? दात त्यानं घासा. खाच कोरड्या ब्रशनं झाडा. अन् लेन्सचा ब्रश घ्या, रंगाचा नका घेऊ."

ब्रश व्हता. खोडरबर कुठून आणू? चुका खोडायच्या तर आदी लिवता यावं लागतंय. मी समदे खाने हुडकायलो, तवर मॅडमनं पर्समधून खोडरबर काढला बी.

"इकडं द्या," म्हणल्या. टेबलावर वाकून एकेक दात घासायल्या. लाल चुरा पडायला. मी खाच झाडली.

सव्वादोनला बटण दाबलं. येकदा बारीक वरडला. पडदा उजळला. अन् आतून, टिक. तो टिक आयकून मी खुर्चीत बसलोच.

निळ्या छिद्रात डिस्क लावली. पुन्हा अख्खं लग्न वढून टाकलं. बायको म्हणली, "सव्वा तास." मी मॅडमकडं असं बघितलं जसं हे छिद्र मीच वावरात पिकविलंय.

हळद गेली. जेवणाच्या पंगती गेल्या. तीनला पाच कमी असताना टिक टिक एकदम जोरात झाली, मंग खर्रर्र. पडदा हाय तिथंच थांबला. माऊस हालंना.

"गेलं का?" मॅडमचा आवाज फाटला.

मी बंद केलं. डिस्क तव्यावानी तापलेली. टेबलफॅन तिच्यासमोर धरून उभा राहिलो, दहा मिनटं.

तवा बायको काउंटरवरून उठली. मॅडमजवळ जाऊन म्हणली, "ताई, तुमाला नेमकं काय पाहिजे?"

"बाबाचं बोलणं. पाच मिनिटांचं आहे ते. सकाळपासून तेच म्हणते आहे मी."

चालू केलं. झालं चालू. चित्रं बघत बघत पांढरा सदरा, पिवळा फेटा अन् माइक हुडकला. तेवढा एक तुकडा उचलला, मॅडमच्या डिस्कवर टाकला. टिक. टिक. दम धरून मोजलं, वीस बी झालं न्हाई तवर आला.

मॅडम म्हणल्या, "लावा."

माइक चिरकला. बाबा मागं सरले. मंग म्हणले, "आवाज येतोय का? बरं. जावईबापू, पोरगी मपली लय रागीट हाय. पर तिचा राग चहा उकळंस्तोर ऱ्हातो. तवर तुमी भायेर जाऊन थांबत जा..."

मॅडम हासल्या. हासता हासता पदर तोंडाला लावला. त्यायनं आणखी एकदा लावायला सांगितलं न्हाई, डिस्क काढून पर्समध्ये खोडरबराजवळ ठेवली अन् आटोत बसल्या. साडेतीन झाले व्हते.

दुसऱ्या दिशी बटण दाबलं, तर मपली डिस्क उठलीच न्हाई. टिक बी न्हाई.

"बघ," मी बायकोला म्हणलो, "नवं कार्ड बसविलं म्हणून वाचलं. वीसच्या आत गेलं!"

तिनं फोटो कापायची कात्री खाली ठेवली.

"जुन्या छिद्रातून बी मिनटभरात गेलं असतं. ताईनं तांब्याभर पाणी मागितलं व्हतं, अन् तुमी हीर खंदायला बसले. ती बी कुंकू लावून."