ढिगातला एक खडा
चुन्याचा ओलसर वास आला की मला काकूंचा प्रश्न आठवतो. येरमाळ्याच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचून, ते देवीच्या ढिगावर टाकून काकू आमच्या कळंबच्या घरी आल्या होत्या. पदरावर पांढरी धूळ तशीच होती. टीव्हीवर बातम्या देणारी बाई बोलत होती आणि खाली लाल अक्षरांत एकच ओळ फिरत होती, कोरोनाच्या लसीमुळे रक्ताच्या गाठी. काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "तू इंग्लिश शाळेतली. मोबाइलवर बघून खरं काय ते सांग. त्यांला लस नको होती, म्याच भांडून नेलं." काका लस घेतल्यावर वर्षभरानं हृदयविकारानं गेले होते. मी वाचलं. असं फार क्वचित होतं, आणि झालंच तर लसीनंतरच्या काही आठवड्यांत, असं बातमीच्या अगदी तळाशी होतं. मी ते सांगितलं. "क्वचित म्हंजे किती?" "तुमच्या त्या ढिगातला एखादा खडा." काकू आपल्या तळहाताकडं बघत राहिल्या. "त्यो बी कुणीतरी उचललेलाच असतो की गं." मग टीव्हीकडं हनुवटी करून म्हणाल्या, "आणि आठवड्यांचं ही बाई का सांगत न्हाय?" दोघींत खरं कोण सांगतंय, ती की मी, हेच त्या बघत होत्या, आणि क्षणभर मलाही कळेना. आता कुठलीही बातमी मी तळापासून वाचते. काकूंना माझं पटलं होतं का, हे विचारायचा धीर मात्र अजून झालेला नाही.