आईची मिशरीची डबी

मंडळी, आज सकाळी आईला रहिमतपूरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी मशीननं हिरड्यांखालचं किटण काढायला घेतलं, तसं रक्त आलं.

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "मिशरी लावून कवा रगत आलं न्हाई. हिनंच काढलं."

खरं सांगतो, मलाही तोच संशय आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हिरड्या आतून कधीच्याच खराब झाल्यात. तंबाखूनं रक्त दाबून धरलं होतं, एवढंच. मिशरी सोडा, नाहीतर दात जातील."

घरी आल्या आल्या आईनं कमरेची मिशरीची डबी काढून माझ्या हातात दिली. वाद नाही, कुरकुर नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. तुमच्या घरात दुसरी डबी कुठं सापडली होती?